आतडं आणायचं काम

रत्नम्माचा नवरा गेला तेव्हा ती रडली नाही. शिरूर अनंतपाळच्या शेतात बांधाजवळ खड्डा घेतला होता. उमाशंकरला त्यात मांडी घालून बसवलं, जंगमांनी मंत्र म्हटले, एकेकानं पुढं होऊन विभूती आणि बेलाची पानं वाहिली. तिनंही वाहिली. मग माती लोटली. भावकीतली एक बाई दुसरीच्या कानाला लागून म्हणाली, "पोटात आतडं हाय का न्हाई हिच्या?" रत्नम्माला ते नीट ऐकू आलं. वाईट वाटायला हवं होतं. पण चप्पल बांधापलीकडं राहिली होती आणि तापलेल्या ढेकळांनी तळपाय भाजत होते, तेवढंच तिला कळत होतं.

उमाशंकर लातूरच्या एका अनुदानित फार्मसी कॉलेजात लॅब अटेंडंट होता. वय एक्कावन्न. दुपारी कॉलेजच्या जिन्यात घाम पुसायला बसला, तो तिथंच भिंतीला टेकला. मागं घरात त्याची म्हातारी आई गंगव्वा, बायको, आणि नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंगला असलेली मुलगी मंजुश्री. सोळा महिने कागद इकडून तिकडं फिरले आणि अनुकंपा तत्त्वावर रत्नम्माला त्याच जागेवर घेतलं. तिची बारावी झालेली होती, तीही सव्वीस वर्षांपूर्वी.

त्या सोळा महिन्यांत ती स्वयंपाक करायची, सासूचे पाय चेपायची, मुलीला फोनवर जेवलीस का विचारायची. कोणी काही बोललं तर ते तिला कळायचं, पण जरा उशिरा, शेजारच्या घरात बोलणं चालू असल्यासारखं. भाजीत मीठ नसलं तरी ती तशीच खायची. गंगव्वानं सांगितल्यावर तिच्या लक्षात यायचं.

कामावर पहिल्या दिवशी मनिषा मॅडमनी तिला समोर बसवलं. मॅडम विभागाच्या प्रमुख, केस आखूड, बोलणं नीटस. त्यांनी दोनदा चष्मा काढून पुसला.

"एक आधीच विचारते, रत्नम्मा. तुम्ही लिंगायत. घरात सगळं कडक असणार."

"हाव."

"इथं बोकडाचं आतडं लागतं. ताजं. आठवड्यातून तीन दिवस, पहाटे खाटकाकडून आणावं लागतं. तुम्हाला जमणार नसेल तर स्पष्ट सांगा. मी दुसरं कोणी बघते."

"आधी कोण आणायचं?"

"उमाशंकरच आणायचे. तुम्हाला माहीत असेल ना?"

रत्नम्माला माहीत नव्हतं. चोवीस वर्षांच्या संसारात हा माणूस ज्या हॉटेलच्या पाटीवर अंडं काढलेलं असेल तिथलं पाणीसुद्धा प्यायला नव्हता. आठवड्यातून तीनदा तो साडेपाचला घर सोडायचा आणि सकाळची बॅच आहे म्हणायचा. ती उठून चहा करून द्यायची. हे सगळं तिनं तिथं खुर्चीत बसल्या बसल्या आठवलं, आणि आठवून झालं तरी आत काही हललं नाही.

"किती वर्षं आणायचे?"

"पाच तरी. ते गेल्यापासून खाटीकच पिशवी पाठवतो."

"मला जमंल," ती म्हणाली.

घरी गेल्यावर तिनं सासूला सरळ सांगून टाकलं. लपवायला जेवढी ताकद लागते तेवढी तिच्यात नव्हती. गंगव्वा भाकरी मोडत होती, तिचा हात थांबला.

"लिंगवंताच्या घरची सून खाटकाच्या दुकानात जाणार?"

"तुमचा ल्योक पाच वर्षं जात होता, अत्याबाई."

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं. खरं बोलते की काय ते बघितलं. मग ताट बाजूला सारून भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रत्नम्मा पहाटे निघाली तर न्हाणीत चूल पेटलेली होती. "आल्यावर आधी आंग धू. मग देवाकडं जा," एवढं म्हणून म्हातारी पुन्हा झोपली.

मुनीर कुरेशींचं दुकान मोठ्या रस्त्यापासून आत, एका गल्लीच्या तोंडाशी होतं. पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा माणूस. रत्नम्माच्या हातातली निळी बर्फपेटी बघून त्यानं ओळखलं.

"आप्पाच्या घरच्या का तुमी?"

"हाव."

"लई चांगला माणूस होता." त्यानं सुरीवरचा हात पुसला. "भाभी, तुमी तिकडं चहाच्या हॉटेलापाशी थांबा. आप्पा तिथंच थांबायचे. इकडं यायचे न्हाईत. तोंड फिरवून उभे राहायचे, गळ्यातल्या लिंगावर असा हात धरून. माझं पहिलं गिऱ्हाईक उरकलं की मी आतडं धुऊन, पिशवीत बांधून नेऊन द्यायचो."

रत्नम्मानं रस्त्यापलीकडं बघितलं. हॉटेलाच्या बाकड्यावर एक माणूस पेपर वाचत होता.

"मी इथंच थांबते," ती म्हणाली.

"बघवणार न्हाई भाभी."

"बघते."

तिनं बघितलं. बोकड आडवा झाला, रक्त नालीत गेलं, कातडं उतरलं. ती उभी होती. आपल्याला आता मळमळंल, आता डोळ्यांपुढं अंधारी येईल, अशी ती वाट बघत राहिली. काहीच आलं नाही. लहानपणी गोगलगाईवर पाय पडला तर दिवसभर न जेवणारी ती, आणि आता पोट फाडलेलं समोर असताना तिला फक्त एवढं दिसत होतं, की आतडं निघताना गरम असतं आणि त्यातून वाफ येते.

आदल्या दिवशी लॅबमधून निघताना पुनमनं तिला सगळं तीनदा पढवलं होतं. पुनम हिमायतनगरकडची शेतकऱ्याची पोर, सत्तावीस वर्षांची, मॅडमच्या हाताखाली पीएचडी करत होती. तिनं सांगितलं होतं, पेटीतल्या डब्यात आहे ते साधं पाणी नाही, रक्तात असतात तसले क्षार मोजून घातलेलं आहे. आतडं जितकं लवकर त्या गार पाण्यात जाईल तितकं बरं. रत्नम्मानं ते शब्दशः धरलं. मुनीरभाईनं आतडं नळाखाली धरायला घेतलं तशी ती म्हणाली, "धुऊ नका. तसंच टाका ह्यात." त्यानं हातभर तुकडा कापून डब्यात सोडला. तिनं झाकण लावलं आणि रिक्षा केली.

लॅबच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ते यंत्र होतं. युसिंग चेंबर त्याचं नाव, पण सगळे नुसतं चेंबर म्हणायचे. दिसायला फार काही नाही. काचेसारख्या जाड प्लास्टिकचे दोन ठोकळे, दोन्हींच्या मध्ये शर्टाच्या बटणाएवढं भोक. आतडं उभं चिरायचं, वरचा स्नायूचा पापुद्रा चिमट्यानं सोलून काढायचा आणि आतला अस्तराचा तलम तुकडा त्या भोकावर बारीक टाचण्यांवर ताणून बसवायचा. मग दोन्ही ठोकळे आवळायचे. दोन्हीकडं ते क्षारांचं पाणी, अंगाच्या उबेइतकं गरम, आणि खालून गॅसचे बुडबुडे. अशानं ते अस्तर दोन तास जिवंत राहतं. दोन्ही अंगांना तारा लावून अगदी किंचित वीज सोडायची आणि अस्तर तिला किती अडवतं ते पडद्यावर बघायचं. शेवटी एका बाजूला पिवळा रंग घालायचा आणि दर पंधरा मिनिटांनी दुसऱ्या बाजूचं पाणी काढून किती रंग झिरपला ते मोजायचं. दुखण्यावरच्या गोळ्यांनी आतडं किती पाझरतं, हे पुनमला शोधायचं होतं.

त्या दिवशी आकडा आला तेव्हा पुनमनं तारा काढून पुन्हा लावल्या. पुन्हा तोच आकडा. तिनं मॅडमना बोलावलं. मॅडमनी पडदा बघितला, घड्याळ बघितलं.

"हे गोळी न घातलेलं आहे?"

"हो मॅडम. साधंच. पण दुप्पट येतंय. आजवर एवढं कधी आलंच नव्हतं."

"वीस मिनिटं बघ. पडतं का ते."

वीस मिनिटांनी पडलं नाही. तासानंही नाही. पुनम खुश होऊन रत्नम्माला म्हणाली, "काकू, तुमच्या हाताला यश आहे." रत्नम्मा भांडी घासत होती. तिनं मान हलवली.

दोन-तीन महिन्यांत पापुद्रा सोलायचं कामही तिच्याकडं आलं. पुनमचे हात घाईचे, तिच्याकडून दहातले चार तुकडे फाटायचे. रत्नम्माच्या हाताला घाई नव्हती. चिमट्यानं पापुद्र्याची कड धरायची आणि दमानं ओढत न्यायची. एम.फार्मची पोरं मागं उभी राहून बघायची. कोणी कौतुक केलं की ती हाव म्हणायची. तिला त्यात आनंद नव्हता, किळसही नव्हती. काम संपेपर्यंत डोक्यात दुसरं काही येत नव्हतं, एवढं मात्र तिला बरं वाटायचं. बरं म्हणजे, वाईट वाटायचं नाही.

दिवाळीनंतर ऑफिसातल्या मल्लेश क्लार्कनं तिला बोलावलं. उमाशंकरच्या सेवापुस्तकातल्या काही नोंदींवर वारसाची सही राहिली होती. त्यानं फाइल पुढं केली आणि कुठं सही करायची ते दाखवून तो चहाला गेला. ती पानं उलटत होती. शेवटून तिसरं पान मेमोचं होतं. तारीख उमाशंकर जाण्याच्या दोन महिने आधीची. "प्रयोगासाठीचे नमुने हाताळण्यात आपण वारंवार हलगर्जीपणा करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा." खाली मनिषा मॅडमची सही. त्यालाच टाचलेला खुलासा उमाशंकरच्या अक्षरात होता. एकच ओळ. "यापुढे काळजी घेईन."

रत्नम्मानं ती ओळ वाचली. सही करायच्या तिथं सही केली. मग लॅबमध्ये येऊन तिनं पुनमला विचारलं, "ताई, आतडं नळाच्या पाण्यानं धुतलं तर काय होतं?"

"वाट लागते काकू. साधं पाणी आत शिरतं आणि पेशी फुगून फुटतात. कामून?"

"आन् अर्धा तास तसंच पिशवीत राह्यलं तर?"

"उन्हाळ्यात? संपलंच. अस्तर सुटायला लागतं. नुसती चाळणी होते." बोलता बोलता पुनमचा आवाज उतरला. "काकू, असं कोण करत होतं?"

रत्नम्मा सरळ मॅडमच्या केबिनकडं गेली. पुनम तिच्या मागं गेली आणि दारात थांबली.

"मॅडम," रत्नम्मा उभ्यानंच म्हणाली, "हे दुकानात जात नव्हते. रस्त्याच्या पलीकडं थांबायचे. खाटीक नळाखाली धुऊन, बांधून, त्याच्या सवडीनं आणून द्यायचा. मनून तुमचं आतडं मेलेलं यायचं."

"पाच वर्षं?" मॅडम म्हणाल्या.

"हाव."

"त्यांनी मला सांगायचं होतं. एकदा तरी."

"त्यांनी मलाबी सांगितलं न्हाई."

दारात पुनम रडायला लागली. तिची आधीच्या दोन वर्षांची सगळी मोजमापं तसल्याच आतड्यांवरची होती. गोळी घातलेलं पाझरत होतं, न घातलेलंही पाझरत होतं, आणि यंत्रातच दोष असेल असं धरून तिनं तारा बदलल्या होत्या, गॅसचं नळकांडं बदललं होतं, रात्री जागून आकडेमोड पुन्हा पुन्हा केली होती. आता सगळं टाकून नव्यानं करायचं. "माझं वय काय थांबणार आहे का मॅडम?" ती म्हणाली. "घरचे एवढंच विचारतात, कधी संपणार." मॅडम तिला बसायला सांगत होत्या. रत्नम्मा मध्ये उभी होती. एका बाजूला रडणारी पोर, दुसऱ्या बाजूला तिला समजावणारी बाई, आणि ज्याच्यावरून हे चाललं होतं तो तिचा नवरा. आपण कोणाच्या बाजूनं वाईट वाटून घ्यायचं ते तिला ठरवता येईना.

पुनम आठवडाभर तिच्याशी कामापुरतं बोलली. चिमटा द्या, घड्याळ लावा. मग एका सकाळी तिनं आपल्या डब्यातले धपाटे रत्नम्मासमोर सरकवले आणि म्हणाली, "आईनं केलेत. खा."

मॅडमनी रत्नम्माला पुन्हा बोलावलं. टेबलावर उमाशंकरची फाइल होती.

"तो मेमो काढून टाकता येतो का ते बघते मी. प्राचार्यांशी बोलते."

"राहू द्या मॅडम. आतडं मेलेलं यायचं, हे खरंच हाय."

"पण हलगर्जीपणा नव्हता तो."

"मग ते खाली लिहा. का व्हायचं ते."

मॅडमनी कोरा कागद घेतला. त्यावर लिहिलं, आणि लिहिलेलं रत्नम्माकडं फिरवलं. "सदर कर्मचारी धर्माने व आचरणाने पूर्ण शाकाहारी होते. खाटकाकडून नमुने आणण्याचे काम देताना त्यांची अडचण विचारण्यात आली नव्हती. विचारणे ही माझी जबाबदारी होती." खाली सही, तारीख.

"तुम्हाला पहिल्या दिवशी विचारलं मी," मॅडम म्हणाल्या. "त्यांना नाही विचारलं. पुरुष माणूस आहे, आणेल, असं धरून चालले."

रत्नम्मानं कागद परत सरळ करून त्यांच्यापुढं ठेवला. "बरं लिहिलंय," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

पुढच्या वर्षभरात पुनमचं काम मार्गी लागलं. गोळी न घातलेलं आतडं आता धरून राहायचं, गोळी घातली की तासाभरात पाझरायला लागायचं, आणि पिवळ्या रंगाचे आकडे एका रांगेत यायचे. नांदेडच्या एका कॉलेजनं तसलंच चेंबर घेतलं होतं, पण तिथं कोणाला अस्तर बसवता येत नव्हतं. मॅडमनी पुनम आणि रत्नम्मा दोघींना पाठवलं. चाकूर, अहमदपूर, लोहा करत एस.टी. नांदेडला पोचली. तिथल्या प्राध्यापकांनी आणि दहा-बारा विद्यार्थ्यांनी टेबलाला गराडा घातला. रत्नम्मानं पापुद्रा सोलला, अस्तर ताणलं, ठोकळे आवळले. एका सरांनी विचारलं, "हे कुठं शिकलात?" ती म्हणाली, "करून करून." लोक हसले. तिनं हसण्यासारखं काही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी पुनम मैत्रिणीकडं गेली आणि रत्नम्मा विष्णुपुरीला मुलीकडं. मंजुश्रीनं खोलीवर खिचडी टाकली होती. जेवून दोघी धरणाच्या बाजूला फिरायला गेल्या. पाणी सोडलेलं नव्हतं. एका दगडावर बसून रत्नम्मानं तिला सगळं सांगितलं. खाटकाचं दुकान, पलीकडचं हॉटेल, लिंगावर धरलेला हात, मेमो, एका ओळीचा खुलासा. आवाज न चढवता, न उतरवता, क्रमानं.

मंजुश्री आधी ऐकत होती. मग तिनं गुडघ्यांत डोकं घातलं. "पप्पा एवढं सगळं एकटेच..." तिला पुढं बोलता येईना. रत्नम्मानं तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हलत होती ती हाताला कळत होती.

मग डोकं वर करून पोर म्हणाली, "आई, तू का रडत न्हाईस? तेव्हाबी रडली न्हाईस. आताबी न्हाई. तुला काहीच वाटत न्हाई का?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर तिनं मान हलवून सोडून दिलं असतं.

"मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "आधी मला वाटायचं, येईल आज ना उद्या. आता तसंबी वाटत न्हाई. खाटकाकडं पहिल्या दिवशी मी उभी राहिले ना, ते काही धीर होता मनून न्हाई. काही वाटतच नव्हतं मनून. त्यांना वाटत होतं. ते तिकडं तोंड करून उभे राहायचे."

"मग?"

"मग काही न्हाई. तेवढंच."

मंजुश्रीनं नाक पुसलं. समोरच्या रस्त्यानं कॉलेजची पोरं गाड्यांवरून ओरडत गेली. ती म्हणाली, "पप्पांना मी फोनवर सांगितलं असतं, मॅडमशी बोला मनून."

"त्यांनी तुझं ऐकलं असतं," रत्नम्मा म्हणाली. "माझं न्हाई ऐकलं असतं. तुझं ऐकलं असतं."

हे बोलताना तिचा आवाज एके ठिकाणी जाड झाला. पोरीनं वळून बघितलं, पण रत्नम्मा उठून साडीची धूळ झटकत होती. अंधार पडायला लागला होता आणि खोलीवर दूध तापवायचं राहिलं होतं. दोघी रस्त्याच्या कडेनं परत निघाल्या. मंजुश्रीनं आईचा हात धरला, तो रत्नम्मानं खोलीच्या दारापर्यंत धरू दिला.